परिषदेच्या याद्या कोणीं करावयाच्या?



आपल्याकडे लग्न मांडवांत लागतें खरें, पण तें ठरतें याद्यांच्या बैठकींत. देणेंघेणें, मानपान, पंगती या सर्वांचा निकाल त्या दिवशीं कागदावर लागलेला असतो. याद्यांच्या वेळीं ज्याला बोलावणें नव्हतें, त्याला पुढें पहिल्या पंगतीचा मान मिळाला तरी त्याचा शब्द चालत नाहीं. राष्ट्राराष्ट्रांच्या परिषदांचीही रीत हीच आहे. परिषदेच्या दिवशीं भाषणें होतात, छायाचित्रें निघतात, ठराव संमत होतात. परंतु त्या ठरावांतील शब्द महिनोन् महिने चाललेल्या पूर्वतयारीच्या सभांतून आधींच ठरत आलेले असतात. म्हणून परिषदेला कोण आले होते हें विचारण्यापूर्वीं, तयारीच्या खोलींत कोण बसले होते, हें इतिहासाच्या अभ्यासकानें विचारावें. इंटरनेटविषयींच्या जागतिक परिषदांचा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे.

आरंभ तारायंत्रापासून केला पाहिजे. एके काळीं युरोपांत तारेचा संदेश सरहद्दीपाशीं येऊन थांबे. तेथें तो उतरवून घेऊन पलीकडच्या कचेरीच्या हवालीं करावा लागे. ही अडचण दूर करण्यासाठीं १७ मे १८६५ रोजीं पॅरिस येथें वीस राष्ट्रांनीं आंतरराष्ट्रीय तार-संघ स्थापन केला. युरोपांतील बहुतेक तारा सरकारी मालकीच्या होत्या. तेव्हां बैठकीला सरकारेंच असावींत, हें ओघानेंच आलें. हिंदुस्थान त्या संघांत १८६९ सालीं आला. परंतु त्याच्या वतीनें बोलणारें सरकार इंग्रजांचें होतें. येथील प्रजेचें मत विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

याच संघाचें पुढें दूरसंचार-संघांत रूपांतर झालें. त्याच्या १९९८ सालच्या मिनियापोलिस येथील परिषदेंत ट्युनिशियानें अशी सूचना मांडली कीं, नव्या माहितीयुगाचा विचार करण्यासाठीं एक जागतिक शिखर परिषद भरवावी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें २१ डिसेंबर २००१ रोजीं या योजनेस मान्यता दिली. परिषद दोन टप्प्यांत भरावयाची होती. पहिला टप्पा २००३ मध्यें जिनीव्हास व दुसरा २००५ मध्यें ट्युनिस येथें. संगणक व इंटरनेट ज्यांच्या हातीं आले ते देश आणि ज्यांच्या हातीं आले नाहींत ते देश, यांमधील वाढती दरी कशी बुजवावी, हा तिचा मुख्य विषय होता.

आमसभेच्या ठरावांत एक कलम विशेष महत्त्वाचें होतें. खासगी उद्योग, स्वयंसेवी संस्था आणि ज्याला हल्लीं नागरी समाज म्हणतात तो वर्ग, यांनीं परिषदेंतच नव्हे तर तिच्या तयारींतही भाग घ्यावा, असें उत्तेजन त्यांत दिलें होतें. याला कारणही तसेंच होतें. इंटरनेटचा आरंभ अमेरिकन सरकारच्या पैशानें झाला असला तरी, तें वाढविलें विद्यापीठांनीं, अभियंत्यांनीं, कंपन्यांनीं व सामान्य वापरणारांनीं. तारेच्या बाबतींत सरकारें मालक होतीं. येथें तीं अनेकांपैकीं एक होतीं.

पण कलम लिहिणें निराळें आणि खुर्ची देणें निराळें! तयारीची पहिली सभा जुलै २००२ मध्यें जिनीव्हास भरली. अध्यक्ष माली देशाचे आदामा समासेकू हे होते. गरीब देशांत टेलिफोन कसा पोंचावा, हा प्रश्न बाजूला राहून सभेचा पुष्कळसा वेळ एकाच वादांत गेला : सरकारांखेरीज इतरांना कोठें बसूं द्यावें व केव्हां बोलूं द्यावें? पुढें सप्टेंबर २००३ च्या तिसऱ्या सभेंत मसुद्याचे शब्द ठरूं लागले, तेव्हां नागरी समाजाच्या प्रतिनिधींना कांहीं मिनिटें बोलण्यास मिळावींत आणि वाटाघाटी सुरू होतांच त्यांनीं खोलीबाहेर जावें, असा अनुभव त्यांना पुनः पुन्हां आला. अखेरीस त्यांनीं सरकारी मसुद्यावर अधिक शब्द खर्ची घालण्याचें सोडून दिलें, आणि ८ डिसेंबर २००३ रोजीं, म्हणजे परिषद उघडण्याच्या दोनच दिवस आधीं, आपला स्वतंत्र जाहीरनामा एकमतानें संमत केला. एका परिषदेचे दोन जाहीरनामे निघावे, ही गोष्ट तयारींतील उणीव पुरेशी सांगते.

जिनीव्हाच्या परिषदेंत दोन प्रश्न सुटले नाहींत. दरी बुजविण्यासाठीं पैसा कोणीं द्यावा, हा एक. आणि इंटरनेटचा कारभार कोणाच्या हातीं असावा, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नासाठीं सरचिटणीस कोफी अन्नान यांनीं नोव्हेंबर २००४ मध्यें चाळीस जणांचें मंडळ नेमलें. आपले नितीन देसाई हे त्याचे अध्यक्ष होते. या मंडळांत सरकारी अधिकारी, उद्योगांतील माणसें आणि नागरी समाजांतील कार्यकर्ते समान नात्यानें एका टेबलाशीं बसले. मंडळानें आपलें काम वर्षाच्या आंत पुरें केलें. त्याच्या अहवालांतून निघालेली चर्चापीठाची कल्पना ट्युनिसच्या परिषदेनें नोव्हेंबर २००५ मध्यें स्वीकारली. जो वाद अधिकाऱ्यांच्या बैठकींत सुटत नव्हता, त्याला वाट सांपडली ती सर्वांना आंत घेतल्यावर.

हें चर्चापीठ प्रथम २००६ सालीं अथेन्सला भरलें. त्याची आंखणी करण्यासाठीं मिश्र सल्लागार मंडळ नेमलें गेलें. विषय ठरविण्यापूर्वीं जिनीव्हास खुल्या विचारविनिमयाच्या सभा होत, आणि चर्चासत्राची सूचना कोणालाही पाठवितां येई. याद्यांचें दार प्रथमच सताड उघडलें.

तिसरें अधिवेशन आपल्या देशांत, हैदराबाद येथें, ३ ते ६ डिसेंबर २००८ या दिवसांत झालें. मुंबईवर २६ नोव्हेंबरला झालेल्या हल्ल्यास तेव्हां पुरता आठवडाही लोटला होता न होता. कांहीं पाहुण्यांनीं येणें रद्द केलें, तरीही बाराशेंहून अधिक लोक आले. 'सर्वांसाठीं इंटरनेट' हें त्या अधिवेशनाचें सूत्र होतें, आणि पहिल्याच दिवसाच्या विषयांत इंटरनेटवरील भाषांच्या वैविध्याला स्थान होतें. हा विषय आपल्या घरचा आहे. इंटरनेटवरील पत्ता त्या काळीं संपूर्णपणें देवनागरींत लिहितां येत नसे. ती सोय मराठीसह इतर भाषांना 'डॉट भारत'च्या रूपानें ऑगस्ट २०१४ मध्यें मिळाली. केवळ एका अधिवेशनामुळें तें घडलें, असें मी म्हणत नाहीं. परंतु रोमन लिपि ज्याला अडचणीची वाटत नाहीं, त्याला ही अडचण सुचणार कशी? ज्याला कांटा बोंचतो त्यानेंच तो दाखवावा लागतो.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत, आणि ते पोकळ नाहींत. सरकारांना निदान कोठें तरी मतदार निवडून देतात. या संस्थांना कोणीं निवडलें? जिनीव्हास वर्षांतून अनेकदां जाऊन राहण्याचा खर्च मोठ्या कंपनीला सोसतो, तालुक्याच्या गांवांतील संस्थेला सोसत नाहीं. शिवाय, ज्या चर्चापीठाला ठराव बांधून देण्याचा अधिकारच नाहीं, त्यांतून निष्पन्न काय होणार, असेंही विचारलें जातें. माझ्या मतें या आक्षेपांचें उत्तर दार पुन्हां लावून घेणें हें नव्हे. ज्याच्यापाशीं प्रवासखर्च नाहीं त्याला तो देणें, जो बोलतो तो कोणाच्या वतीनें बोलतो हें उघड करणें, आणि सूचना कोणत्या स्वीकारल्या व कोणत्या कां टाकल्या हें लेखी सांगणें, हें तें उत्तर होय.

१८६५ च्या पॅरिसपासून २००८ च्या हैदराबादपर्यंतचा हा प्रवास जवळजवळ दीडशें वर्षांचा आहे. त्यांत यंत्रें बदललीं तितकी माणसांची रीत बदलली नाहीं. ज्यांच्या हातीं बैठक असते ते ती सहसा सोडीत नाहींत. जिनीव्हाच्या खोलींतून बाहेर काढलेले लोक निमूटपणें घरीं गेले असते, तर अथेन्सचें दार उघडलें असतें किंवा नाहीं, याची मला शंका वाटते. यापुढें एखाद्या मोठ्या परिषदेची वार्ता कानीं आली, तर तिच्या ठरावांवर खूष किंवा नाराज होण्यापूर्वीं आपण एवढेंच विचारावें : याद्या कोणीं केल्या, आणि त्या वेळीं आपलें माणूस तेथें होतें काय?