कांशाचें चाक

यंत्रांचा इतिहास लिहितांना तीं कोणीं शोधून काढलीं व किती तयार झालीं, एवढ्याचीच आपण नोंद ठेवतों. तीं झिजलीं तेव्हां कोणीं दुरुस्त केलीं, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. ‘फोर्डसन’ नांवाच्या ट्रॅक्टराचें रशियांतील चरित्र पाहतां हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे, असें आम्हांस वाटूं लागतें.

हेन्री फोर्डनें हें यंत्र १९१७ सालीं बाजारांत आणलें. १९२२ सालीं त्याची किंमत ३९५ डॉलरपर्यंत उतरली. यादवी युद्ध आणि दुष्काळ यांनीं खचलेल्या रशियानें त्या दशकांत वीस हजारांहून अधिक फोर्डसन खरेदी केले.

इंजिनाची जलद गति मागील चाकांस मंद पण जोरकस करून देण्यासाठीं या यंत्रांत पोलादाचा एक मळसूत्री दंड कांशाच्या दातेरी चाकांत गुंतविलेला असे. या रचनेंत आंटा दांतावरून एकसारखा घसरत जातो. घसरणींतून उष्णता उपजते. आरंभीच्या यंत्रांत तर चालकाची बैठकच तापून जाई. तेल कमी पडलें किंवा मातीनें गढूळ झालें, कीं मऊ कांसें झिजूं लागे. तेलांत सोनेरी कण चमकले, कीं जाणत्यानें काय तें ओळखावें. दुर्लक्ष झाल्यास दांत पातळ होत होत पात्यासारखे होत.

अशा वेळीं केवळ नवें चाक बसवून भागत नाहीं. दंडावर ओरखडे असल्यास तो नवें चाकही लौकरच खाऊन टाकतो. बेअरिंग सैल असल्यास दंड जागेवरून हलतो. म्हणून तिन्ही तपासावीं लागतात. मग आंट्यांस निळा रंग लावून दंड हातानें फिरवावा, आणि रंगाचा डाग दांताच्या मध्यावर उमटतो कीं कडेस, हें पाहून जुळणी करावी. हें ज्ञान यंत्राबरोबर पेटींत भरून येत नाहीं.

१९२६ सालीं फोर्ड कंपनीचीं माणसें रशियांत पाहणीस गेलीं, तेव्हां निगा व कुशल कारागीर यांच्या अभावीं यंत्रांची झालेली दुर्दशा त्यांच्या दृष्टीस पडली. इकडे लेनिनग्राडच्या पुतिलोव्ह कारखान्यानें १९२४ पासून याच यंत्राची नक्कल चालविली होती. परंतु भाग मोजून त्याचें माप मिळतें. धातूचें मिश्रण व पाणी देण्याची रीत मिळत नाहीं.

१९२९ नंतर सरकारनें देशभर यंत्र-ट्रॅक्टर केंद्रें उभारलीं. ट्रॅक्टर आणि दुरुस्ती दोन्ही त्यांच्या हातीं. सामुदायिक शेतांनीं मोबदल्यांत धान्य द्यावयाचें. अशा रीतीनें ज्याच्या हातीं पाना, त्याच्याच हातीं कोठाराची किल्ली गेली. १९५८ सालीं केंद्रें मोडून यंत्रें शेतांस विकण्यांत आलीं, तेव्हां यंत्रें गांवीं आलीं, पण पुष्कळ कारागीर शहराकडे निघून गेले.

आमच्या खेड्यांतील बैलगाडीचा आरा मोडला, तर तो बसविणारा सुतार गांवांतच असे. म्हणून गाडी खऱ्या अर्थानें गांवाची होती. यंत्र विकत घेतल्यानें आपण त्याचे धनी झालों, असें आपणांस वाटतें. परंतु तें झिजल्यावर आपण कोणाच्या दारीं जातों, यावरूनच खरा धनी कोण तें ठरतें.