लवणासुराचे रक्त : लोणारच्या खाऱ्या पाण्यातील जीवपेशींचा पूर्ववृत्तांत

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचा इतिहास आजवर मुख्यतः दोन अंगांनी लिहिला गेला आहे. एक अंग दगडाचे, म्हणजे अग्निजन्य बेसाल्ट खडकात उल्कापाताने पडलेल्या विवराचे. दुसरे देवळांचे, म्हणजे दैत्यसूदनाच्या कोरीव मंदिरापासून पाण्याच्या काठावरील कमळजादेवीपर्यंतच्या वास्तूंचे. या दोन्ही इतिहासांचे मोल निःसंशय मोठे आहे. तथापि शतकानुशतके विवरात उतरणाऱ्या माणसाला जे प्रत्यक्ष जाणवत आले, म्हणजे पाण्याचा दाट हिरवा रंग, काठावरच्या चिखलाला येणारा कुजट उग्र दर्प आणि क्वचित पाण्यावर चढणारी लाली, त्याचे कारण शोधू गेल्यास दगड आणि देऊळ दोन्ही अपुरे पडतात. ते कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवपेशींत सापडते, आणि म्हणून लोणारचा इतिहास या पेशींवाचून पुरा होत नाही.

गावाचे नाव आणि गावची दंतकथा या दोहोंच्या मुळाशी मीठ आहे. संस्कृत ‘लवण’ शब्दापासून मराठीत ‘लोण’ आले आणि मीठ पिकवणाऱ्याला ‘लोणारी’ म्हटले गेले. लोणारच्या कथेतील दैत्यही लवणासुर किंवा लोणासुर याच नावाचा आहे. हा दैत्य जमिनीखालच्या विवरात लपून राही, विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेऊन त्या विवरावरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवले आणि दैत्याचा वध केला, अशी ती कथा असून सरोवराचे पाणी म्हणजे त्याचे रक्त आणि पाण्यातील क्षार म्हणजे त्याचे मांस, असे परंपरा सांगते. एरवी हिरव्या दिसणाऱ्या पाण्याला रक्ताची उपमा का सुचावी, हा प्रश्न सहज पडतो. पूर्वी कधी हे पाणी तांबडे झालेले लोकांनी पाहिले असेल आणि तीच आठवण कथेत उतरली असेल, हा केवळ तर्क असला तरी पुढे येणारी हकीगत पाहता तो अगदीच निराधार वाटत नाही.

हे मीठ म्हणजे स्वयंपाकातले मीठ नव्हे, किंवा निदान नुसते तेवढेच नव्हे. त्यात साध्या मिठाबरोबर सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट, म्हणजे लोक ज्याला खार किंवा सोडा म्हणतात ते पदार्थ, मोठ्या प्रमाणात आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने सिद्ध केलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख येतो, आणि काच व साबण तयार करण्यास लागणारी द्रव्ये तेथे मिळतात, हे त्यात आवर्जून नोंदवले आहे. उन्हाळ्यात पाणी आटून मागे सरले की उघड्या पडलेल्या काठावर क्षारांचा पांढरा थर धरे. तो खरवडून आणि तळाशी जमलेले खडे बाहेर काढून माल तयार होई, आणि शुद्धतेप्रमाणे व घडणीप्रमाणे त्याला दल्ला, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावे असत. अशा खाराला गिऱ्हाईक अनेक होते: काच वितळवण्यासाठी तो बांगड्या करणाऱ्यांना हवा असे, साबणासाठी लागे, आणि कुसुंब्याच्या फुलांतील तांबडा रंग पाण्यात उतरवण्यासाठी रंगाऱ्यांनाही त्याच्यावाचून गत्यंतर नसे. उडदाच्या पापडात आजही घातला जाणारा पापडखार याच कुळातला आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. मात्र त्यानंतरच्या काळात युरोपात मिठापासून सोडा बनवण्याच्या कृती, विशेषतः १८६१ नंतरची सॉल्व्हेची पद्धत, रूढ होऊन कारखान्यातला सोडा स्वस्त झाला आणि जगभर नैसर्गिक खाराच्या व्यापाराला ओहोटी लागली.

भूशास्त्राचा भाग येथे थोडक्यातच सांगणे पुरे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने विवराची नोंद घेतली. त्यानंतर दीर्घकाळ ते ज्वालामुखीजन्य मानले जात होते, आणि १९७३ साली फ्रेड्रिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील खडकांत प्रचंड आघातानेच तयार होणारी काच दाखवून उल्कापाताचा पक्ष सिद्ध केला. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्याचे वय आधी सुमारे ५२ हजार वर्षे मानले जाई, परंतु २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपर्यंत मागे नेले. पाणी बाहेर जाण्यास वाट नाही, झरे व पाऊस बेसाल्टमधील क्षार आत आणतात आणि ऊन केवळ पाणी उडवून नेते. अशा रीतीने या खोलगट भांड्यात खार साठत गेला.

ज्या शतकात लोणारच्या दगडावर वाद चालला होता, त्याच शतकात युरोपात पेशीविषयीचा विचार आकार घेत होता. रॉबर्ट हूक याने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या कप्प्यांना, मठातील छोट्या खोल्यांवरून, पेशीवाचक नाव दिले खरे, पण ते कप्पे रिकामे, मेलेले होते. सर्व वनस्पती व प्राणी पेशींचेच बनलेले आहेत, हा सिद्धान्त श्लायडेन आणि श्वान यांनी १८३८-३९ मध्ये मांडला. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच उपजते, हे सूत्र १८५५ मध्ये फिरखो याने रूढ केले. आणि पेशी विभागताना केंद्रकातील सूत्रे कशी दुभंगून दोन्हीकडे समसमान वाटली जातात, हे वाल्टर फ्लेमिंगने १८८२ मध्ये सविस्तर वर्णिले. त्यालाच आता सूत्री विभाजन म्हणतात. विवराच्या उतारावरील सीताफळाचे झाड, त्यावरचे माकड आणि ते पाहणारा माणूस या सर्वांच्या पेशी दृश्यकेंद्रकी आहेत. म्हणजे त्यांत पटलाने वेढलेले केंद्रक असते, त्यात गुणसूत्रे असतात, आणि ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका वेगळ्या असतात. सरोवराच्या पाण्यावर मात्र राज्य आहे ते आदिकेंद्रकी पेशींचे. त्यांना केंद्रक नसते, डीएनए पेशीद्रव्यातच गुंडाळलेला असतो, तंतुकणिका नसतात. प्रद्रव्यपटल, म्हणजे आत-बाहेरच्या पदार्थांची ये-जा नियंत्रित करणारे पातळ आवरण, हेच त्यांचे ऊर्जाघर असते.

या पटलाचे काम लोणारच्या पाण्यात किती अवघड होते, हे समजून घेण्यासारखे आहे. आम्लता व अल्कता मोजण्याच्या मापाला सामू म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो, तर लोणारच्या पाण्याचा सामान्यतः ९.५ ते १०.५ या दरम्यान असतो. सामू एकेका अंकाने वाढतो तेव्हा पाण्यातील हायड्रोजनचे मोकळे आयन दहापटीने घटतात, त्यामुळे या पाण्यात ते अत्यल्प आहेत. आता बहुतेक पेशी आपली ऊर्जा मिळवतात ती याच आयनांच्या प्रवाहावर: पटलाबाहेर त्यांचा साठा करायचा आणि धरणाच्या पाण्याप्रमाणे त्यांना आत सोडताना त्या ओघावर ऊर्जेचे रेणू घडवायचे. लोणारमध्ये हे धरण बाहेरच्या बाजूने जवळजवळ कोरडे आहे. येथील अल्कप्रिय जीवाणू दोन उपायांनी तग धरतात. पटलातील विशिष्ट प्रथिने सोडियमचे आयन बाहेर फेकून त्या बदल्यात हायड्रोजनचे आयन आत ओढून घेतात, त्यामुळे पेशीच्या आतला सामू बाहेरच्यापेक्षा बराच खाली राहतो. आणि बाहेर विपुल असलेला सोडियम परत आत येऊ पाहतो तेव्हा त्याच्या ओघावर अन्नकण आत घेणे, शेपटीसारखी कशाभिका फिरवणे अशी कामे अनेक जाती साधतात. ज्या सोडियमच्या क्षारासाठी लोणारी लोक चिखल तुडवत होते, तोच सोडियम त्याच पाण्यात जीवाणूंच्या हालचालीला बळ पुरवत होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

पाण्याला हिरवा रंग देणारा मुख्य जीव म्हणजे आर्थ्रोस्पायरा, ज्याला बाजारात स्पिरुलिना म्हणतात. पूर्वी त्याला शैवालात गणत, परंतु केंद्रक नसल्यामुळे तो नीलहरित जीवाणू ठरतो. त्याच्या पेशी एकामागे एक जोडल्या जाऊन मळसूत्रासारखा पिळदार तंतू बनतो. पेशींतील वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्यांमुळे तंतू पाण्याच्या वरच्या थरात, उजेडाजवळ, तरंगत राहतो. आणि खारातील बायकार्बोनेट हेच त्याचे कार्बनाचे भांडार असल्याने इतर जीवांना जाचक वाटणारे पाणी त्याला सुपीक शेतासारखे ठरते. त्याचे विभाजन साधे दिसते, पण त्यातील शिस्त विलक्षण आहे. आधी डीएनएची दुसरी प्रत तयार होते, दोन्ही प्रती परस्परांपासून दूर सरतात, पेशीच्या मध्यावर एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचे कडे तयार होते आणि तेथे आडवी भिंत वाढत आत येऊन एका पेशीच्या दोन होतात. याला द्विविभाजन म्हणतात. त्यात सूत्री विभाजनातील तर्कूचे धागे नसतात. तंतू लांबला की त्यातील एखादी पेशी मरते, तिच्या जागी तंतू तुटतो आणि सुटलेला तुकडा नवा तंतू म्हणून वाढू लागतो. एका पेशीने मरावे तेव्हा एकाचे दोन व्हावेत, अशी ही रचना आहे. अशाच नीलहरित जीवाणूंचा कोणी पूर्वज अतिप्राचीन काळी दुसऱ्या पेशीत सामावला जाऊन हरितलवक बनला, ही कल्पना लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये नव्याने मांडली आणि ती आता सर्वमान्य आहे. त्या नात्याने सरोवरातील हिरवा तवंग आणि काठावरच्या झाडांची हिरवी पाने ही एकाच घराण्याची दोन अंगे होत.

तंतू मरून तळाशी जातात तेव्हा दुसरेच जग सुरू होते. तेथील चिखलात प्राणवायू नसतो. सल्फेटवर जगणारे जीवाणू कुजट वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तर आर्किया या वेगळ्या कुळातील काही पेशी मिथेन तयार करतात. आर्कियांना केंद्रक नसले तरी ते जीवाणू नव्हेत, हे कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून दाखवले. त्यांच्या पटलातील स्निग्ध रेणूंची जोडणीही निराळी, अधिक टिकाऊ असते. लोणारच्या या सूक्ष्मजीवांवर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मोलाचे काम झाले. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी येथल्या पाण्यातून वेगळ्या केलेल्या एका जीवाणूचे नाव ‘सेसेम्बिया लोणारेन्सिस’ आहे. त्यातील पहिला शब्द त्या केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आणि दुसरा गावावरून घडला आहे. लवणासुरानंतर लोणारचे नाव धारण करणारा हा जीव एका पेशीचाच आहे.

मेलेल्या पेशींची पटले सहजी नष्ट होत नाहीत. भारतीय व जर्मन संशोधकांनी २००८ मध्ये सरोवराच्या तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा उभा नमुना काढला, आणि त्यात सुमारे ११ हजार वर्षांचे थर हाती लागले. गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक ज्या थरांत आहेत ते पाणी फार आटल्याच्या काळाचे होत. त्यांवरून आजपासून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वी या भागात दीर्घ अवर्षणाचे काळ आले, असे अनुमान निघाले. त्या थरांत जतन झालेले पटलांचे स्निग्ध रेणू, परागकणांच्या चिवट भित्तिका यांच्या आधारे कोणत्या काळी पाण्यात व काठावर कोण नांदत होते, तेही वाचता येते. वऱ्हाडच्या पावसाची इतकी जुनी बखर कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची दखल घेतली, नमुने प्रयोगशाळांत गेले, आणि आघारकर संस्थेच्या तपासणीत याचे कारण हॅलोआर्किया, म्हणजे मीठप्रिय आर्किया, असल्याचे निष्पन्न झाले. पाऊस नसल्याने पाणी आटून क्षारता वाढली आणि इतर जीव मागे हटले, तेव्हा यांची संख्या उसळली. उरण-वसईकडील मिठागरांत हंगामाच्या शेवटी दिसणारी लाली अशाच जीवांची असते. ती लाली त्यांच्या पटलातील गाजरवर्गीय रंगद्रव्यांची असून ती प्रखर उन्हापासून पेशीचे रक्षण करतात. काही जातींत बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे जांभळट प्रथिनही असते, जे प्रकाशाच्या बळावर हायड्रोजनचे आयन थेट पटलाबाहेर ढकलते. बाहेरच्या मिठाने पेशीतील पाणी शोषले जाऊ नये म्हणून या पेशी आत पोटॅशियमचा तेवढाच दाट साठा ठेवतात, आणि त्यांची प्रथिनेही त्या दाटपणातच घडी धरून राहतात. म्हणूनच गोडे पाणी त्यांना घातक ठरते: पाणी परासरणाने, म्हणजे पटलातून विरळाकडून दाटाकडे, आत घुसते, बाहेरचे प्रथिनांचे कवच विस्कटते आणि पेशी फुटते.

तो रंग कायमचा राहिला नाही. लाल जीवभार तळाशी बसत गेला आणि वरचे पाणी निवळले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला, जो महाराष्ट्रात नांदूर-मधमेश्वरनंतर दुसरा होता. गुलाबी पेशींची पटले आता तळाच्या गाळात, ११ हजार वर्षांच्या थरांच्या वर, एका पातळ थरात मिसळली आहेत.