चौदा नव्हे, अठरा वर्षांपर्यंत

बचत गटाच्या कामासाठी आम्ही वाड्यावस्त्यांवर जातो, तेव्हा शाळेच्या वेळेलाही एखादं मूल ओसरीवर बसलेलं दिसतं. विचारलं की उत्तर येतं, "त्याला ऐकू येत नाही, शाळेत घेत नाहीत." नशिबाची गोष्ट सांगावी तसं हे सांगितलं जातं. पण ही गोष्ट नशिबाची नाही, कायद्याची आहे. तो कायदा कसा घडत गेला, ते आज पाहू.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मागणी केली, की निदान १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. दिव्यांग मुलांसाठी त्या काळी मिशनऱ्यांच्या मोजक्याच शाळा होत्या. १८८७ मध्ये अमृतसरला अंध मुलांची शाळा निघाली. पण अशा शाळा शहरात असत आणि देणगीवर चालत. खेड्यातल्या मुलाच्या वाट्याला त्या कुठून येणार?

१९५० मध्ये राज्यघटना लागू झाली. १० वर्षांच्या आत १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न सरकार करील, असं कलम ४५ म्हणत होतं. 'सर्व' म्हटलं की आपली दिव्यांग मुलंही त्यात आलीच. पण ते मार्गदर्शक तत्त्व होतं. पाळलं नाही म्हणून कोर्टात जाता येत नव्हतं. १९७४ मध्ये दिव्यांग मुलांना साध्या शाळेत घालण्यासाठी केंद्राची योजना आली. योजना चांगली, पण योजना म्हणजे हक्क नव्हे.

हक्काचं पहिलं ठोस पाऊल १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यानं टाकलं. प्रत्येक दिव्यांग मुलाला १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळेल हे पाहण्याची जबाबदारी सरकारवर आली. मात्र या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ च प्रकार होते. स्वमग्न मूल त्यात नव्हतं.

२००२ च्या घटनादुरुस्तीनं ६ ते १४ वयाच्या मुलांचं शिक्षण मूलभूत हक्क झालं. त्यासाठीचा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या 'वंचित घटक' या व्याख्येत दिव्यांग मुलांचा उल्लेख नव्हता. तो २०१२ च्या दुरुस्तीनं आला. त्याच दुरुस्तीनं तीव्र किंवा एकाहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. इथे नीट लक्ष द्या. हा पर्याय मुलाचा आहे. "याला घरीच ठेवा" असं सांगण्याचा अधिकार त्यानं शाळेला मिळत नाही.

शेवटी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. ७ चे २१ प्रकार झाले. स्वमग्नता आली, आणि गडचिरोली, नंदुरबारकडच्या बायांना चांगला ठाऊक असलेला सिकलसेलही आला. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, असं त्यात आहे. ज्याचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आहे, अशा ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येतं. इतर मुलांचा मोफत शिक्षणाचा हक्क १४ ला थांबतो, या मुलांचा १८ पर्यंत चालतो. आठवीनंतर "आता पुरे" म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं.

एवढा कायदा असूनही मूल ओसरीवर का? कारण कायदा आपल्या पायांनी घरी येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. वंचित घटकातल्या मुलांच्या पालकांनाही तिथे प्रमाणात जागा द्यायची असते, म्हणजे दिव्यांग मुलाच्या आईलाही. पुढच्या मासिक बैठकीत हिशोबाची वही मिटण्याआधी एवढंच करू: आपल्या गावात ६ ते १८ वयाची अशी किती मुलं घरी आहेत, त्यांची नावं लिहू आणि ती यादी घेऊन मुख्याध्यापकांकडे जाऊ. प्रवेश नाकारला, तर कारण लेखी मागू.