बोट पुरलं नाही तेव्हा: स्त्रीचा हात आणि लपवता येणारं पिस्तूल



आजचा भाग हत्यारांचा आहे, पण खरा विषय आहे हात. लहान पंजाच्या स्त्रीसाठी, शालीत किंवा पर्समध्ये लपेल असं पिस्तूल कसं निवडायचं? या प्रश्नाला गेल्या दीडशे वर्षांत कोणी काय उत्तर दिलं, ते आज बघू. सुरुवात आपल्याच इतिहासातल्या एका मुलीपासून करते.

१४ डिसेंबर १९३१. बंगालमधलं कोमिल्ला, जे आज बांगलादेशात आहे. शांती घोष आणि सुनीती चौधरी या दोन शाळकरी मुली जिल्हा मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्स यांच्या बंगल्यावर गेल्या. शांती पंधरा वर्षांची, सुनीती चौदा. हातात पोहण्याच्या स्पर्धेसाठीचा अर्ज आणि अंगावरच्या वस्त्रांत लपवलेली रिव्हॉल्व्हरं. स्टीव्हन्स जागीच ठार झाले. दोघींना जन्मठेप झाली, १९३९ मध्ये सुटका झाली आणि सुनीती पुढे डॉक्टर झाली.

या घटनेबद्दल खूप लिहिलं गेलंय. मला त्यातला एक बारीक तपशील कधी विसरता आला नाही. सरावाच्या वेळी सुनीतीची तर्जनी चापापर्यंत नीट पोचत नव्हती, म्हणून तिनं मधल्या बोटानं चाप ओढायला सुरुवात केली. चोरून आणलेलं हत्यार जे हाती येईल ते. तिथे निवड कसली? हत्यार हाताप्रमाणे बदलणार नव्हतं, म्हणून हातच हत्याराप्रमाणे बदलला.

बोट न पोचण्यानं एवढं काय बिघडतं? तीन गोष्टी समजून घ्या, म्हणजे पुढचा सगळा इतिहास उलगडेल.

पहिली, अंतर. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या खोबणीत पिस्तुलाची मूठ बसते आणि तिथून चापापर्यंत बोट पोचावं लागतं. हात लहान असला की माणूस मूठ थोडी फिरवून धरतो. बोट पोचतं खरं, पण धक्का तळव्याऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर बसतो आणि नेम सरकतो. दुसरी, जोर. घोडा आधी मागे न घेता थेट चाप ओढला, तर ते एकच बोट सिलिंडरही फिरवतं आणि घोडाही मागे नेतं. छोट्या रिव्हॉल्व्हरला त्यासाठी पाच किलोंच्या आसपास जोर लागू शकतो. तिसरी, वजन. काडतूस तेच ठेवून हत्यार हलकं केलं, की हाताला बसणारा धक्का वाढतो.

आता अमेरिकेकडे वळू, कारण खिशातल्या पिस्तुलांचा मोठा बाजार तिथेच उभा राहिला. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर यांचं छोटं पिस्तूल इतकं गाजलं, की तशा सगळ्याच पिस्तुलांना त्यांचं नाव चिकटलं. १८६५ मध्ये लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली ती डेरिंजरच्याच पिस्तुलातून. मूठभर आकार आणि एकच गोळी.

१८८७ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीनं एक वेगळं रिव्हॉल्व्हर आणलं. त्याचा घोडा आत झाकलेला होता, त्यामुळे खिशातून काढताना तो कापडात अडकत नसे. मुठीच्या मागे एक पट्टी होती. तळव्यानं ती दाबल्याशिवाय गोळी सुटत नसे. लहान मुलाच्या हातून अपघात होऊ नये म्हणून ही युक्ती काढली, असं सांगतात. लपवून बाळगण्यासाठी हे हत्यार फार विचारपूर्वक घडवलेलं होतं. फक्त तळवा आणि बोट, दोघांनाही एकाच वेळी जोर लावावा लागे.

१९०२ मध्ये याच कंपनीनं थेट स्त्रियांसाठी .२२ बोअरचं, सात गोळ्यांचं चिमुकलं रिव्हॉल्व्हर काढलं. नाव ‘लेडीस्मिथ’. ते १९२१ पर्यंत बनत होतं. त्याची एक दंतकथा आजही फिरते: वेश्या ते वापरतात हे कळल्यावर डॅनियल वेसन संतापले आणि त्यांनी उत्पादनच बंद पाडलं. गोष्ट चटकदार आहे, पण वेसन वारले १९०६ मध्ये. मेलेला माणूस पंधरा वर्षांनी कारखान्यातलं मॉडेल कसं बंद करेल? तरीही ही कथा टिकली. स्त्रीच्या पर्समध्ये पिस्तूल आहे म्हटल्यावर लोकांनी आधी तिच्या चारित्र्याकडे पाहिलं, असा मी तिचा अर्थ लावते.

लेडीस्मिथमागचा हिशोब सरळ होता: हात लहान, म्हणून बंदूक लहान, गोळीही लहान. पुढे १९५० मध्ये त्याच कंपनीचं पाच गोळ्यांचं ‘चीफ्स स्पेशल’ आलं आणि छोट्या आकारात .३८ बोअरचं दणकट काडतूस बसलं. पाठोपाठ ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची हलकी मॉडेलं आली. दुकानदार बाईपुढे तेच ठेवू लागला. हलकं आहे, पर्समध्ये मावतं, घ्या! पण वर सांगितलेला तिसरा नियम आठवा. आखूड नळी, जड चाप आणि हलकं वजन या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की अनुभवी माणसाचाही नेम चुकतो. नवख्या हाताला सर्वांत अवघड हत्यार ‘सोपं’ म्हणून विकलं गेलं. १९८९ मध्ये लेडीस्मिथ हे नावही बाजारात परत आलं.

हात मोजून हत्यार बनवावं, हा विचार उशिरा आला. अमेरिकी सैन्यानं १९८५ मध्ये बेरेटा एम-९ स्वीकारलं. पंधरा गोळ्या दोन रांगांत बसवल्यामुळे त्याची मूठ जाड, आणि लहान हाताच्या सैनिकांना, स्त्री असो वा पुरुष, ती धरायला अडचण. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुठीची मागची बाजू बदलता येणारी पिस्तुलं आली. २०१७ मध्ये सैन्यानं निवडलेल्या एम-१७ ला तर वेगवेगळ्या मापांच्या मुठी लावता येतात. म्हणजे चपलेचं माप पायावरून ठरतं, एवढी साधी गोष्ट पिस्तुलाला लागू व्हायला शंभर वर्षं लागली.

आणि आपल्याकडे? डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर देश हादरला. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्यानं स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आणलं. .३२ बोअर, वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. मणिपूरच्या बीनालक्ष्मी नेप्राम यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यावर कडाडून टीका केली. स्त्रीच्या संरक्षणाची सरकारची जबाबदारी सव्वा लाखाला तिच्याच गळ्यात घालण्याचा हा प्रकार नव्हे का?

तांत्रिक बाजूनं मी न्यायानं बोलेन. .३२ चा धक्का सौम्य असतो, तेव्हा वजन कमी करणं वेडेपणाचं नव्हतं. मला खटकते ती त्याची पेटी. निर्भीक मरून रंगाच्या, दागिन्याच्या डब्यासारख्या पेटीत मिळत असे. नथ नाही, पाटल्या नाहीत, रिव्हॉल्व्हर! पेटी बनवणाऱ्यानं स्त्रीची आवड गृहीत धरली होती. तिच्या बोटाची लांबी कोणी विचारली होती का?

शस्त्र बाळगावं की नाही, हा ज्याचा-त्याचा आणि कायद्याचा प्रश्न आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय ते जवळ ठेवणं गुन्हा आहे. पण परवाना असलेल्या एखाद्या बाईला कोणी ‘लेडीज मॉडेल’ दाखवलं, तर तिनं रंग आणि वजन बाजूला ठेवावं. जाणकारासमोर, रिकामं असल्याची खात्री करून, ते हातात धरावं. नळी मनगटाच्या रेषेत ठेवून तर्जनीचं पहिलं पेर चापावर येतं का? नळी न हलवता चाप दहा वेळा ओढता येतो का? नियमित सरावाला वेळ आणि जागा आहे का? तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नाही असेल, तर ते हत्यार तिचं नाही, मग पेटी कितीही सुंदर असो.

चौदा वर्षांच्या सुनीतीला हे प्रश्न विचारायची सोय नव्हती. आज ती आहे. भेटू पुढच्या भागात.