दुर्मीळ क्षयांचा माग : जुन्या यॉट क्लबापासून बेल-२ पर्यंत

मुंबईत गेटवे ऑफ इंडियाच्या शेजारी जुन्या यॉट क्लबाची इमारत आहे. १९४९ पासून १९६२ पर्यंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बिऱ्हाड तिथे होते. फुग्यांनी उंच वातावरणात नेऊन आणलेल्या इमल्शनच्या थरांत विश्वकिरणांनी उमटवलेल्या सूक्ष्म रेघा तेथील तरुण संशोधक सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास तपासत असत. या कामाचे सूत्रधार होते बर्नार्ड पीटर्स. मॅकार्थी काळातील संशयाच्या वातावरणात अमेरिकेत काम करणे अवघड झाल्यावर ते भाभांच्या संस्थेत आले. देवेंद्र लाल व यशपाल हे त्यांचे सहकारी. १९५२ मध्ये ई. सी. जी. सुदर्शनही संस्थेत दाखल झाले आणि काही काळ याच इमल्शनच्या कामात रमले.

या मंडळींच्या शोधाचा विषय होता के-मेसॉन. त्याच्या क्षयांनी तेव्हा साऱ्या जगाला कोड्यात टाकले होते. ‘थीटा’ नावाचा कण दोन पायॉनांत विरे, तर १९४९ मध्ये ब्रिस्टलच्या इमल्शनमध्ये दिसलेला ‘टाऊ’ तीन पायॉनांत. दोघांचे वस्तुमान सारखे, आयुष्यही सारखे. मग हे कण दोन की एकच? रिचर्ड डालिट्झ यांनी १९५३ मध्ये एक साधी युक्ती काढली. तीन पायॉनांनी ऊर्जा आपसांत कशी वाटून घेतली, हे प्रत्येक क्षयासाठी एका आकृतीत एका ठिपक्याने दाखवायचे. ठिपके जमत गेले तसे दिसू लागले की टाऊची पॅरिटी थीटाच्या पॅरिटीशी जुळत नाही. कण एकच असेल, तर क्षीण बल आरशातील प्रतिमेचा नियम पाळत नाही, असे मानावे लागणार होते. १९५६ मध्ये ली व यांग यांनी ते धाडस केले. १९५७ च्या आरंभी वू यांच्या प्रयोगाने त्याला दुजोरा दिला, आणि त्याच वर्षी सुदर्शन व मार्शाक यांनी क्षीण बलाचे स्वरूप निश्चित केले.

या यशाच्या कथेत एक अडचण सहसा सांगितली जात नाही. क्षय घडवते क्षीण बल. पण जन्मलेले पायॉन एकमेकांपासून दूर जाण्यापूर्वी तीव्र बल त्यांच्यात ढवळाढवळ करते. लग्नाची पंगत उठली तरी दारात पाहुण्यांची गर्दी व्हावी, तसे हे. यालाच अंतिम अवस्थेतील आंतरक्रिया म्हणतात. आपल्याला दिसते ती दारातून बाहेर पडलेली माणसे. आत काय घडले, याचा अंदाज त्यांच्यावरून बांधायचा. केनेथ वॉटसन यांनी १९५२ मध्ये दाखवले की, विखुरण्याचा मार्ग एकच असेल तर या ढवळाढवळीने येणारी कला त्या कणांच्या परस्पर विखुरण्यावरून काढता येते. के-मेसॉनच्या दोन पायॉनांतील क्षयाला हे बरेचसे लागू पडते, कारण तिथे ऊर्जा कमी व वाटा मोजक्या.

जड मेसॉनांत मात्र गणित बिघडते. डी व बी मेसॉनांची ऊर्जा एवढी की दोन पायॉनांचे दोन के-मेसॉन होतात, त्यांचे आणखी काही, आणि हा फेरफार हिशेबात धरणे फार कठीण. २०१९ मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने डी-मेसॉन व त्याच्या प्रतिकणाच्या क्षयांतील विषमता प्रथमच पकडली. दोन के-मेसॉन व दोन पायॉन या दोन वाटांतील विषमतांचा फरक भरला सुमारे ०.१५ टक्के. हा नव्या बलाचा इशारा, की तीव्र बलाचीच करामत? हा वाद अजून चालू आहे. गंमत अशी की या कटकटीशिवाय विषमता दिसलीच नसती. अशी विषमता दिसण्यासाठी दोन वाटांत क्षीण बलाच्या कलेइतकाच तीव्र बलाच्या कलेचा फरकही लागतो.

ही कटकट हत्यार म्हणूनही वापरता येते. अंजन गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत डी-मेसॉनच्या डालिट्झ आकृतीत ठिकठिकाणी बदलत जाणाऱ्या तीव्र कलेचाच उपयोग करून क्षीण बलाचा एक कोन मोजतात. जपानच्या बेल प्रयोगाने ती पद्धत वापरली, पुढे एलएचसीबीनेही.

दुर्मीळ क्षयांचे आकर्षण याहून वेगळे आहे. प्रस्थापित सिद्धान्त ज्याला जवळजवळ मज्जाव करतो, तिथे नव्या कणाची चाहूल लागण्याची शक्यता अधिक. पण चाहूल व भास यांत अंतर असते. बी-मेसॉनचा के-मेसॉनसह म्यूऑनच्या जोडीत होणारा क्षय इलेक्ट्रॉनच्या जोडीतील क्षयाहून कमी वेळा दिसतो, असे २०२१ मध्ये एलएचसीबीने जाहीर केले. या गुणोत्तरात तीव्र बलाचा परिणाम जवळपास छेदला जातो, म्हणून आशा मोठी होती. डिसेंबर २०२२ मध्ये ती मावळली. इतर कण इलेक्ट्रॉन म्हणून मोजले गेले होते. चूक शोधून जाहीरही त्यांनीच केली, हे मला त्या मूळ बातमीपेक्षा मोठे वाटते.

आता नजर त्सुकुबाच्या बेल-२ कडे आहे. त्याच्या सिलिकॉन शोधकाचा चौथा थर टाटा संस्थेच्या गटाने बांधला. २०२३ मध्ये बेल-२ ला बी-मेसॉनच्या के-मेसॉन व दोन न्यूट्रिनो अशा क्षयाचे पहिले पुरावे मिळाले : दर दहा लाखांमागे सुमारे २३, अपेक्षा ५ ते ६ ची. न्यूट्रिनो विद्युतचुंबकीय बलाला दाद देत नाहीत, त्यामुळे म्यूऑनच्या जोडीचे आकडे संदिग्ध करणारा चार्म क्वार्कांचा गोंधळ इथे नाही. अपेक्षेपासूनचे अंतर मात्र २.७ सिग्माच आहे, आणि शोध म्हणवण्यास ५ लागतात.

दरम्यान, यॉट क्लबाच्या सूक्ष्मदर्शकांपुढे जो के-मेसॉन होता, त्याचाही पायॉन व दोन न्यूट्रिनो असा क्षय सर्नच्या एनए-६२ प्रयोगाने २०२४ मध्ये ५ सिग्मा ओलांडून नोंदवला : दर दहा हजार कोटी क्षयांमागे सुमारे १३. सिद्धान्ताचा अंदाज साधारण ८ चा आहे. अनिश्चितता पाहता दोन्ही आकडे अजून एकमेकांशी जुळतात, आणि मोजणी चालू आहे.