जलहळ्ळीची घड्याळे

बेंगळूरच्या सरकारी कारखानदारीची कुळकथा सोलापुरापासून सुरू होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने १९४० साली येथे विमानांचा कारखाना काढला. १९४२ मध्ये तो सरकारच्या हाती गेला. पुढे १९४८ साली दूरध्वनीची यंत्रे आली आणि १९५३ मध्ये, स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने, यंत्रे घडविणारी यंत्रे करावयास ‘हिंदुस्थान मशीन टूल्स’ जलहळ्ळीस उभी राहिली.

याच एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीकडून विद्या घेऊन घड्याळे करावयास आरंभ केला. लग्नात जावयाच्या मनगटावर एचएमटी बांधणे ही आपल्याकडेही प्रतिष्ठेची बाब ठरली. आयातीवर बंधने होती. चोरटा माल सोडला तर प्रतिस्पर्धी जवळजवळ नव्हताच. ज्याला ग्राहकामागे धावावे लागत नाही, त्याला पुढे पाहण्याचीही निकड राहत नाही. जगात क्वार्ट्झचे युग आले. एचएमटीने तशी घड्याळे काढलीही. पण भर किल्लीच्या घड्याळांवरच राहिला.

मजुरी अगदी स्वस्त उरत नाही आणि स्वतःची नवी विद्याही हाती आलेली नसते, अशा मधल्या पायरीवर राष्ट्रे अडकतात. इंदरमीत गिल आणि होमी खरास या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये यास ‘मध्यम उत्पन्नाचा सापळा’ म्हटले. कारखान्यांचेही तसेच होते, असे मला वाटते.

पूर्व जर्मनीतील ग्लासह्यूटे हे घड्याळांचेच गाव. तेथील कारखाने १९५१ मध्ये एका सरकारी उद्योगात विलीन झाले. १९९० साली ती राजवट संपली, बाजार खुला झाला आणि असंख्य कामगार बेकार झाले. तरी त्याच वर्षी, डिसेंबरात, मूळ संस्थापकाचे पणतू वॉल्टर लांगे यांनी घराण्याची पेढी पुन्हा स्थापिली. १९९४ मध्ये तिची पहिली घड्याळे जगापुढे आली. किल्लीचीच, पण अतिमौल्यवान! पश्चिमेचे भांडवल पाठीशी होते, हे खरे. परंतु भांडवलास कामाला लावील असे कसब गावात शिल्लक होते.

जलहळ्ळीसही कसब होते. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ-उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. यावरून ‘सरकारी ते बुडावयाचेच’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. मला तो घाईचा वाटतो. कारण ज्या टायटनने, बेंगळूरपासून जवळच होसूरला कारखाना काढून, एचएमटीची बाजारपेठ घेतली, ती १९८४ साली स्थापन झाली तेव्हा टाटांच्या जोडीला भागीदार होते तामिळनाडू सरकारचे औद्योगिक विकास महामंडळ.