बंदुकीच्या नळीतली दारू

असीरगड 1601 साली पडला आणि अकबराने खानदेशचा कारभार धाकट्या मुलाच्या, दानियालच्या हाती दिला. सुभ्याचं नावही 'दानदेश' ठेवलं. मधला भाऊ मुराद 1599 मध्ये दारूपायीच गेला होता. तरी दानियालची सुटली नाही.

दानियाल बुऱ्हाणपुरात राहायचा. बापाने तिथे त्याच्या पिण्यावर कडक बंदी घातली. पहाऱ्याची जबाबदारी आली सासऱ्यावर, अब्दुर्रहीम खानखानानवर. शाहजादा रडून, गयावया करून जवळच्या माणसांना विनवू लागला. थोरला भाऊ जहांगीर आपल्या आठवणींत पुढचं सांगतो: मुर्शिद कुली नावाच्या बंदूकचीला दानियालने आपली लाडकी बंदूक दिली आणि तिच्यातूनच दारू आणायला सांगितली. वर्षानुवर्षं बारूद खाल्लेली ती नळी. कडक दारूत आतला गंज विरघळला. तेच पिऊन शाहजादा अंथरुणाला खिळला आणि 1605 साली गेला. वय जेमतेम तिशीतलं. हे लिहिणारा जहांगीर स्वतः अठराव्या वर्षापासून पिणारा, हेही सांगायला हवं!

गंमत म्हणजे तंबाखूची गोष्टही याच दानियालच्या दुसऱ्या एका लग्नाला चिकटलेली आहे. नवरी आणायला अकबराने विजापूरला धाडलेल्या असद बेगने तिथून तंबाखू आणि रत्नजडित चिलीम आणून अकबरापुढे ठेवली. वैद्य नको म्हणत असताना बादशहाने दोन-चार झुरके घेतले. जहांगीरने 1617 मध्ये तंबाखूवर बंदी घातली. ती कोणी जुमानली नाही.

आज बंदुकीच्या जागी पेनड्राइव्हसारखी दिसणारी ई-सिगारेट, म्हणजे वेप, आहे. कंपासपेटीत सहज मावते, फळांचा वास येतो. वेप ओढणाऱ्या मुलांमध्ये शाळा बुडवणं, चोऱ्या, मारामाऱ्या जास्त आढळतात, असं परदेशांतले अभ्यास सांगतात. पण त्यावरून वेपने मूल बिघडलं असं ठरत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड जेसर 1970च्या दशकापासून मांडत आले की अशा गोष्टी एकत्रच येतात आणि त्यांची मुळंही बरीचशी सारखी असतात. घरचा धाक, सोबत, शाळेशी तुटलेलं नातं, सगळंच त्यात आलं. शिवाय बंदी असलेली वस्तू लपवायची म्हणजे खोटं बोलणं आणि चोरून पैसे जमवणं ओघानं आलंच.

मग दोषी कोण? 2019च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, विकणं, साठवणं गुन्हा ठरवलं; ओढण्याला शिक्षा सांगितलेली नाही. हे योग्यच झालं. दप्तरं तपासण्याआधी बंदूकची शोधावा. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.